फिशटँकमधलं शेवाळ: टाइमर, गोगलगाय, यूव्ही की औषध?

दुकानात जाऊन "टँकमध्ये शेवाळ झालंय" म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक वस्तू हातात पडते: सकर मासा, नाहीतर औषधाची बाटली. हे दोन्ही उपाय माझ्या यादीत अगदी खाली आहेत. पण आधी तुमच्याकडचं शेवाळ कुठलं ते बघा, कारण एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला शिवतही नाही.

काच स्वच्छ आहे पण पाणीच हिरवं झालंय आणि मागचा मासा दिसत नाही, तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी थर येतो आणि बोटानं सहज पुसला जातो, ते डायटम. त्यावर पैसे घालवू नका. टँक मुरला की काही आठवड्यांत ते आपोआप कमी होतं. काचेवरचे हिरवे टणक ठिपके पुसून जात नाहीत, ब्लेडनं खरवडावे लागतात. (टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड नको, ओरखडे पडतील, जुनं एटीएम कार्ड चालतं.) पानांच्या कडांना काळे, आखूड, केसांसारखे झुपके दिसले तर ती 'काळी दाढी', सगळ्यांत चिवट. आणि खड्यांवर निळसर हिरवी बुळबुळीत चादर पसरली असेल, चिमटीत धरल्यावर अख्खी सोलून येत असेल आणि कुबट वास मारत असेल, तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू.

दिवे कमी करायचे की पाणी बदलायचं?

दोन्ही करायला हवं, पण सुरुवात एकाच गोष्टीनं करणार असाल तर दिव्यांपासून करा. आपल्याकडे सकाळी उठल्यावर लागलेला टँकचा दिवा रात्री झोपताना बंद होतो, म्हणजे चौदा-पंधरा तास. सहा ते सात तास पुरतात. प्लगमध्ये बसणारा टाइमर काही शे रुपयांत मिळतो आणि आपल्यासारखा विसरत नाही. टँक खिडकीशी असेल तर टाइमर लावूनही फारसा फरक पडणार नाही. आधी टँक हलवा किंवा मागच्या काचेला काळा कागद लावा.

पाणी बदलण्याचा फायदा तुमच्या नळावर अवलंबून आहे. आठवड्याला पाव टँक पाणी बदललं आणि सायफनच्या नळीनं खड्यांतली घाण ओढून काढली, की नायट्रेट आणि फॉस्फेट उतरतात. पण बोअरच्या पाण्यातच नायट्रेट जास्त असेल, तर तुम्ही दर रविवारी शेवाळाला खत घालताय. विदर्भात बऱ्याच ठिकाणी भूजलात नायट्रेट जास्त आढळतं. एकदा टेस्ट किटनं नळाचं पाणी तपासून घ्या. पाणी हिरवंच झालं असेल तर नुसतं बदलून काही होत नाही. उरलेल्या पेशी थोड्याच दिवसांत भर काढतात.

हिरव्या पाण्यावर आणि सायनोबॅक्टेरियावर फुकटचा उपाय म्हणजे पूर्ण अंधार. तीन-चार दिवस टँक जाड चादरीनं झाकायचा, खाणं जवळपास बंद, एअर पंप मात्र चोवीस तास चालू. मग मेलेलं शेवाळ कुजायच्या आत तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग टाळा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

मासा, गोगलगाय की कोळंबी?

'सकर' म्हणून मिळणारं बोटभर पिल्लू पुढे दीड फुटापर्यंत वाढतं. दोन फुटी टँकमध्ये (2 × 1 × 1 फूट म्हणजे साधारण 55 लिटर) ते मावणारच नाही. शिवाय मोठं झाल्यावर शेवाळापेक्षा माशांच्या खाद्याच्या गोळ्यांवर जास्त ताव मारतं आणि शेवाळाला पोसणारी विष्ठाही ढीगभर करतं. कंटाळून तळ्यात सोडू नका. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपासून केरळपर्यंत हे मासे नैसर्गिक पाण्यात पसरलेले आहेत. दुकानात परत द्या.

नेराइट गोगलगाय लहान टँकसाठी माझी पहिली पसंती. टणक हिरव्या ठिपक्यांवरही ती चालते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लावळ होत नाही. खोड एकच, तिळासारखी पांढरी अंडी काचेवर आणि लाकडावर चिकटवून ठेवते आणि ती खरवडताना जीव जातो. अमानो कोळंबी धाग्यांसारखं शेवाळ फस्त करते. जपानच्या ताकाशी अमानो यांनी तिला टँकमध्ये आणलं, त्यांच्याच नावानं ती ओळखली जाते. पण गोल्डफिश किंवा सिक्लिड असतील तर ती कोळंबी त्यांचं जेवण ठरेल. ओटो हा छोटा मासा गुणी आहे, पण नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. टँक मुरल्यावर आणा.

काळ्या दाढीला तोंड लावणारे फार थोडे, त्यांत सयामी अल्गी ईटर हा मासा. घेताना नीट बघा. त्याचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. त्याच्या नावावर चायनीज अल्गी ईटरही खपवला जातो आणि तो मोठा झाला की बाकीच्या माशांच्या अंगाला चिकटतो.

यूव्ही की झाडं?

पाणी हिरवं असेल तर यूव्ही फिल्टरसारखा (पाणी अतिनील प्रकाशाच्या दिव्याजवळून नेणारा) झटपट उपाय नाही. काही दिवसांत पाणी काचेसारखं होतं. 9 वॅटचा दिवा महिनाभर अखंड चालवला तर साडेसहा युनिट वीज जाते. पण काचेला, पानांना चिकटलेल्या शेवाळाला त्याचा काही उपयोग नाही, आणि दिवा उघडून पेटवायचा नाही, डोळ्यांना इजा होते. वर्षभरात त्याचा जोर कमी होतो, मग नवीन घ्यावा लागतो.

झाडं हळू काम करतात, पण मूळ खाद्यच पळवतात. हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला मूठभर टाका. गोल्डफिश पाळणाऱ्यांना हे जमत नाही, कारण ते सगळं कुरतडतात. त्यांच्यासाठी मनी प्लांट: वेल टँकच्या कडेला, मुळं पाण्यात. पानं हवेत असल्यानं ती जोमानं वाढते आणि नायट्रेट भराभर ओढते. एकाच उपायावर थांबायचं झालं तर टाइमरनंतर मी मनी प्लांटच निवडेन.

औषध

तांबं असलेली औषधं म्हणजे शेतातल्या मोरचुदाची भावंडं. गोगलगायी आणि कोळंबी त्यांनी मरतात. 'लिक्विड कार्बन' नावाच्या बाटल्यांत बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं, म्हणजे रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. वॅलिस्नेरिया ही टँकमधली पाणवनस्पती त्यानं वितळते.

काळ्या दाढीपुरता हायड्रोजन पेरॉक्साइड मला मान्य आहे. इंटरनेटवरची मात्रा बहुतेक 3 टक्क्यांच्या द्रावणासाठी असते आणि आपल्या केमिस्टकडची बाटली सहसा 6 टक्क्यांची ('20 व्हॉल्यूम'), म्हणून लेबल वाचा आणि 6 टक्क्यांची असेल तर मात्रा निम्मी करा. 40 लिटरला 6 टक्क्यांचं 5 मिलीपेक्षा जास्त नको. फिल्टर बंद करून सिरिंजनं थेट झुपक्यावर सोडायचं. लगेच बारीक बुडबुडे सुटतात, दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू करायचा. काही दिवसांत काळे केस गुलाबी पडतात, कारण ही दाढी लाल शैवालांच्या गटातली आहे. मग ते पांढरे होतात आणि मासेच टिपून खातात. फार माखलेलं पान असेल तर सरळ कापा.

कुठलाही उपाय करा, मागची काच घासू नका. समोरून ती फारशी दिसत नाही आणि गप्पीची पिल्लं दिवसभर तिथेच चरत असतात.