दमून घरी आल्यावर रात्रीचं जेवण: कोणत्या घराला कोणती पद्धत?

'तीस मिनिटांत तयार' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे ती तीस मिनिटं कांदा चिरून झाल्यावर सुरू होतात. नोकरी करणाऱ्या आईबापांचं घड्याळ मात्र कुलूप उघडल्यापासून चालू होतं. दप्तर, डबे, उद्याच्या प्रोजेक्टसाठी लागणारा चार्ट पेपर, आणि त्यातच 'आज जेवायला काय?' हा प्रश्न. म्हणून पद्धत निवडताना 'सगळ्यात झटपट काय' हा प्रश्न मी बाजूला ठेवते. आधी हे बघावं की संध्याकाळी आपल्याकडे नेमकं काय कमी पडतं: वेळ, अंगातली ताकद, काय करायचं हे ठरवायला लागणारं डोकं, की भांडी घासायची तयारी? बहुतेक पद्धती यातलं एखादंच वाचवतात, आणि प्रत्येक पद्धत त्याची किंमत दुसरीकडे वसूल करते.

रोज ताजं, गॅससमोर उभं राहून

ही पद्धत उगाच बदनाम आहे. अंड्याचं काहीही पाच-सात मिनिटांत होतं. मसूर डाळ न भिजवता साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत मऊ होते, बारीक नूडल्स त्याहून लवकर, माशाचे पातळ तुकडे आठ-दहा मिनिटांत. म्हणजे वेग जिन्नस निवडण्यात आहे, हात भराभर चालवण्यात नाही. राजमा घेऊन कितीही घाई केली तरी तो मसुरीला गाठणार नाही. बटाटा अख्खा उकडायला घातला तर अर्धा तास जातो, बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या तर दहा-बारा मिनिटं.

पण ही वीस मिनिटं सगळीच्या सगळी उभं राहण्याची असतात. परतायचं, हलवायचं, करपू द्यायचं नाही. तेवढ्यात धाकट्याने दूध सांडलं की गणित बिघडलं. शिवाय काय करायचं हे रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि अनेक घरांत स्वयंपाकापेक्षा जास्त थकवा त्या ठरवण्याचाच येतो. त्यावर उपाय सोपा आहे: वार लावून टाकायचे. सोमवारी डाळ-भात, मंगळवारी अंडी, बुधवारी नूडल्स. मुलांना तोचतोपणाचा त्रास आपल्याला वाटतो त्याच्या निम्मासुद्धा होत नाही.

कुकर, स्लो कुकर, ओव्हन

इथे जाहिरातीतले आकडे जपून वाचावेत. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या पाककृतीत 'आठ मिनिटं' लिहिलेलं असतं, पण भांडं भरलेलं असेल तर दाब तयार व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि वाफ आपोआप जिरू द्यायची तर पुन्हा तेवढीच. आठाची पस्तीस कधी झाली ते कळत नाही. तरीही ज्या घरात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो तिथे ही पस्तीस मिनिटं गॅससमोरच्या वीसपेक्षा स्वस्त पडतात, कारण बटण दाबल्यावर तुम्ही मोकळे असता. शिट्टीच्या साध्या कुकरचं तसं नाही, एक कान तिकडे लावून बसावं लागतं. तो तापतो मात्र लवकर. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंश सेल्सियसच्या आसपास जातो, म्हणून कडधान्यं उघड्या पातेल्याच्या कितीतरी आधी शिजतात. खरपूसपणा मात्र कुकरकडून मागू नये, ओल्या वाफेत काही भाजलं जात नाही.

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, ऐकायला सगळ्यात आरामाचा: सकाळी भरा, संध्याकाळी वाढा. प्रश्न त्या 'सकाळी भरा'चाच आहे. ज्या घरात सकाळी बूट सापडत नसतात तिथे कापाकापीचं काम संध्याकाळहून सकाळी नेऊन काहीच साधत नाही. ते रात्री झोपण्याआधी करून ठेवणार असाल तरच याचा विचार करा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही. त्यात नैसर्गिकरीत्या लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीत नष्ट होतं, पण मंद आचेवर टिकतं, किंबहुना अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळायचा, मग पुढचं. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याची काळजी नाही.

ओव्हन असेल तर एका ट्रेमध्ये भाज्या आणि चिकन किंवा पनीर, 200 ते 220 अंशांवर. मेहनत कमी, ट्रेवर कागद घातला तर घासणंही नावापुरतं. फक्त ट्रे गच्च भरू नये. भाज्या एकावर एक पडल्या की भाजल्या न जाता स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि मुलं ताट पुढे सरकवतात. गाजर-बटाटे आधी जाऊ द्यावेत, सिमला मिरची पंधरा मिनिटांनी. ओव्हन तापायचा वेळ मात्र धरायलाच हवा. आल्या आल्या, पायातले बूट काढायच्याही आधी तो चालू करणारी माणसं या पद्धतीवर खूश असतात.

सुट्टीत शिजवून फ्रीझरमध्ये

वेळ, ताकद, डोकं, तिन्ही वाचवणारी ही एकच पद्धत. आणि तरीही बहुतेकांची मध्येच सुटणारी. कारण ती सुट्टीच्या दिवसाचे दोन-तीन तास खाते, आणि तोच दिवस मुलांबरोबर घालवायचा असतो. दुसरं कारण फार क्षुल्लक वाटतं, पण तेच घात करतं: डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये काढून ठेवायला आठवावं लागतं. नाही आठवलं की संध्याकाळी सात वाजता हातात दगड. यावर तोडगा म्हणजे मोठे डबे टाळून जाड पिशव्यांत पातळ, सपाट थर करून गोठवायचं. ते पटकन गोठतं आणि पटकन सुटतं. पिशवीत थोडी जागा सोडावी, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं.

काय गोठवावं? डाळी, सूप, रस्सा, शिजवलेली कडधान्यं, खिमा. काय नको? बटाट्याच्या मोठ्या फोडी भुसभुशीत होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा रबरासारखा होतो, दही-सायीचे रस्से फाटतात, काकडीचं तर पाणीच होतं.

थोडी शिस्तही लागते. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, तेही उथळ भांड्यांत वाटून, कारण खोल पातेलं मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं. फ्रीज 4 अंशांपर्यंत, फ्रीझर उणे 18. फ्रीजमधलं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवायचं, म्हणजे रविवारी केलेलं शुक्रवारी खायचं असेल तर ते फ्रीझरमध्येच हवं. भाताबद्दल जास्तच जपावं लागतं. त्यातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर त्यातून तयार होणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. तेव्हा भात तासाभरात गार करून आत टाका आणि दुसऱ्या दिवशीच संपवा.

अर्धी तयारी

मला विचाराल तर बहुतेक घरांनी इथून सुरुवात करावी. पूर्ण जेवण शिजवायचं नाही, फक्त कंटाळवाणा भाग उरकून ठेवायचा. कांदा, गाजर, कोबी, सिमला मिरची चिरून डब्यांत, छोले उकडून, कांदा-टोमॅटो परतून एक बरणी, पालेभाजी निवडून, धुऊन, कोरडी करून फडक्यात गुंडाळलेली. तासाभराचं काम, आणि ते तीन-चार दिवस पुरतं. मग त्याच छोल्यांचं एका संध्याकाळी सूप होतं, दुसऱ्या संध्याकाळी भाताबरोबर रस्सा. फ्रीझरचा तोचतोपणा नाही, ताज्याची दगदग नाही. आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी रात्री, डबे पुन्हा भरावे लागतात, हा त्यातला कच्चा दुवा. त्या रात्री दोघांपैकी एकाला बैठकीमुळे उशीर झाला की गुरुवार-शुक्रवार उघडे पडतात.

गोठवलेल्या भाज्या म्हणजे दुसऱ्याने करून दिलेली अर्धी तयारीच. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. त्या तोडणीनंतर लवकर वाफवून वा उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेल्या असतात. फ्रीजच्या तळाशी पाच दिवस पडलेल्या 'ताज्या' घेवड्यापेक्षा पोषणात त्या सहसा कमी नसतात.

बाहेरून मागवणं? अधूनमधून जरूर. वेळ वाचतोच असं नाही, निवडण्यात आणि वाट बघण्यात चाळीस मिनिटं सहज जातात, पण भांडी वाचतात.

मग घ्यायचं काय?

दोघंही सातनंतर पोचता आणि मुलं आठला पेंगतात, तर फ्रीझर आणि वार लावलेलं ताजं जेवण यांची जोडी. मुलं मोठी असतील आणि संध्याकाळ अभ्यासात जात असेल, तर इलेक्ट्रिक कुकर किंवा ओव्हन. एकट्याने सगळं ओढणाऱ्या पालकाला मी अर्धी तयारी सांगेन, अधिक फ्रीझरमध्ये चार-पाच सपाट पिशव्या, फक्त वाईट दिवसांसाठी. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कोणत्याही पद्धतीत मीठ-तिखट घालण्याआधी त्याचा वाटा काढायचा; इथे डाळ-भाज्यांचं एकत्र शिजवलेलं मऊ जेवण ट्रेमधल्या भाजलेल्यापेक्षा सोयीचं.

नवं यंत्र घ्यायच्या आधी दोन आठवडे एवढंच टिपून ठेवा, की बेत फसलेल्या संध्याकाळी नेमकं काय अडलं होतं. 'काय करायचं तेच सुचेना' असं उत्तर वारंवार येत असेल तर कुकर घेऊन पैसे वाया जातील, फ्रीजवर चिकटवलेला कागद पुरे. 'उभं राहवत नव्हतं' असं असेल तर खुशाल घ्या, आणि चौघांसाठी पाच-सहा लिटरचा घ्या. तो दोन-तृतीयांशच भरायचा असतो, आणि डाळ-भातासारख्या फुगणाऱ्या, फेसाळणाऱ्या गोष्टींना तर निम्माच. तीन लिटरच्या भांड्यात मग दीड लिटरच जागा उरते, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी काही शिल्लक राहत नाही.