डावखुरी मॅच एअर रायफल : ऑर्डर, लांबलेली वाट आणि वर्षभराचा वापर

ज्यांची पोरं डावखुरी आहेत आणि टेन मीटर एअर रायफल खेळतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उजव्या हाताची रायफल विक्रेत्याकडे तयार असते, पैसे मोजा आणि घेऊन या. डाव्या हाताची मात्र मागवावी लागते, मग ती बनते, आणि तोवर आपण फोन करत बसायचं. आमची दिवाळीपर्यंत येणार होती. आली होळी होऊन गेल्यावर. आता वापरून वर्ष होत आलंय.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. कापूस, तूर, हरभरा. लेकीची सुरुवात शाळेत साध्या देशी, ओपन साइटच्या (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) एअर रायफलवर झाली. पुढे अमरावतीच्या रेंजवर पीप साइटला, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायच्या रायफलीला गेली. तिथली क्लबची रायफल उजवी. लेक ती डाव्या खांद्याला लावायची. गालाची पट्टी उलट्या अंगाला कललेली, ग्रिपमधला (मुठीतला) अंगठ्याचा खड्डा भलत्याच बाजूला, आणि दर छर्ऱ्याला हात वरून फिरवून लोडिंगचा खटका ओढायचा. कोचनी पहिल्याच आठवड्यात डोळा तपासला. दोन्ही हात लांब करून पंजांच्या फटीतून भिंतीवरची खूण बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो मास्टर. हिचा डावा. म्हणाले, "हात डावा, डोळाबी डावा. उजवीकडे वळवाच्या भानगडीत पडू नका भाऊ, डावीच घ्या."

एवढ्याशा कलण्यानं काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. पण या खेळाचं माप बघा. दहा मीटरवरच्या कागदावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, त्याच्या मधोमध दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. गुण दशांशात, एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९. साठ छर्ऱ्यांचे पूर्ण गुण ६५४. गाल रोज वेगळ्या जागी टेकला तर मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पुढची रिंग रोज वेगळी दिसते, आणि पोरगी आपल्या हाताला दोष देत बसते.

या दर्जाच्या रायफली बनवणारे जगात मोजकेच. जर्मनीत उल्मला वाल्थर आणि आन्शुट्झ, ओबर्नडॉर्फला फाइनवेर्कबाउ, शिवाय ऑस्ट्रियाची स्टायर. आमची यांतल्याच एकाची. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. यांच्या नळ्यांमधला फरक काढण्याइतके आपण कोणी मोठे लागून गेलो नाही. रायफल अंगाला किती बसते, एवढंच बघा.

आता पैसे. रायफल, डावा ग्रिप, हवेचा जास्तीचा सिलिंडर, साइटच्या रिंगा, पेटी, सीमाशुल्क, सगळं धरून तीन लाखांच्या वर गेलं. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे चाळीस क्विंटल कापूस त्या एका पेटीत. तिची आई आजही पेटी उचलताना "चाळीस क्विंटल, सांभाळून" म्हणते. निम्मी रक्कम आगाऊ द्यायची होती, तीही मृगाच्या तोंडावर, बियाण्या-खतांची ओढाताण चालू असताना. उरलेली माल आल्यावर. शेतकरी माणसानं असा व्यवहार करायचा असेल तर विक्रेत्याशी हप्त्यांचा महिना आधीच बोलून घ्यावा. कापूस विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

वाट पाहण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ऑर्डर दिल्यावर विक्रेत्याचा माणूस फार गोड बोलायचा. दसऱ्याला फोन केला तर "लॉट निघाला आहे साहेब, आता फक्त कस्टम." दिवाळीला "कस्टममध्येच आहे." संक्रांतीला "या आठवड्यात नक्की." गावात तोवर सगळ्यांना ठाऊक झालेलं. पारावरून जाताना कोणी ना कोणी विचारायचंच, "काय भाऊ, आली का पोरीची बंदूक?" मी म्हणायचो, "येऊन राह्यली." पुढेपुढे माझ्याआधी तेच म्हणायला लागले.

रायफल आली तेव्हा पेटीत कारखान्याचं टेस्ट कार्ड होतं. हे प्रत्येक मॅच रायफलीबरोबर येतं. यंत्रात घट्ट धरून पाच छर्रे एकाच जागी मारलेले असतात आणि कागदाला एकच गोल भोक दिसतं. त्या कार्डावर रायफलीचा नंबर होता, तपासणाऱ्याची सही होती आणि तारीख होती जानेवारीची. दसऱ्याला जो लॉट निघाला होता त्यात ही रायफल असणं शक्यच नव्हतं. ती तेव्हा बनलेलीच नव्हती. डाव्या हाताच्या रायफली कारखाना थोड्याच काढतो, पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हे मला समजत होतं. तसं सरळ सांगितलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. वर युरो वाढला म्हणून फरकाचे पैसेही मागितले. कोटेशनच्या तळाशी 'त्या दिवशीच्या विनिमय दराने' असं बारीक अक्षरात होतंच, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. तुम्ही ऑर्डर द्याल तेव्हा कारखान्याची ऑर्डर पावती मागा, नुसतं विक्रेत्याचं बिल घेऊन बसू नका. तिच्यावर बनण्याचा अंदाजे आठवडा असतो.

आणि खरा घोळ या उशिरामुळेच झाला. रायफल बनेपर्यंत पोरगी वाढली. नववी-दहावीतलं पोर, पावसाळ्यात घेतलेलं माप उन्हाळ्यात कसं बसणार? ऑर्डरच्या वेळी तळहात कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला, तक्त्यात तो एस मापात बसला. डावा ग्रिप एस म्हणून बनून आला. होळीनंतर तिनं मूठ घातली तर करंगळी खाली लोंबकळत होती आणि ट्रिगरवरचं बोट पेरापाशी अडकत होतं. ट्रिगर बोटाच्या पेराच्या गादीनं सरळ मागे यायला हवा. बोट वाकडं पडलं की छर्रा आडवा सरकतो.

वाचवलं ते अॅल्युमिनियमच्या स्टॉकनं, म्हणजे रायफलीच्या सांगाड्यानं. लाकडी स्टॉक दिसायला फार देखणा, माझं मन त्यावरच होतं, पण कोचनी ऐकलं नाही. अॅल्युमिनियमच्या स्टॉकला बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) मागेपुढे, वरखाली होते, तिरकीही होते. गालाची पट्टी उचलता येते, वळवता येते. प्रत्येक ठिकाणी आकड्यांची पट्टी कोरलेली. लेकीनं एका वहीत तारीख टाकून आकडे लिहून ठेवलेत आणि पहिल्या पानापासून आतापर्यंत लांबी चांगलीच सरकली आहे. वाढत्या पोरासाठी कोरीव लाकडी स्टॉक घेऊ नका, कितीही आवडला तरी. एकविसाव्या वर्षी घ्या.

ग्रिपचं काम गावातल्या सुतारानं निभावलं. एम मापाचा डावा ग्रिप मागवला होता, त्यालाही कित्येक महिने लागणार होते. तोवर कोचनी खुणा करून दिल्या आणि आमच्या सुतारभाऊंनी कानस नि पॉलिश पेपरनं तळहाताखालची कड उतरवली. त्यांनी आयुष्यभर वखराची रुमणी केलेली. पोरीला म्हणाले, "डोये मिट अन् मूठ धर. कुठी टोचते?" ती बोट ठेवायची, ते तेवढंच घासायचे, पुन्हा धरायला लावायचे. पुरी दुपार त्यात गेली. पैसे घेतले नाहीत. "माह्या हातची मूठ शयरात जाईन," म्हणाले.

आता रायफल म्हणून कशी आहे? नळीबद्दल तक्रार शून्य. ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा सरकतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर जरासा श्वास पडला तरी सुटतो असं वाटावं इतका हलका. क्लबच्या रायफलीची सवय असल्यानं सुरुवातीला कितीतरी छर्रे नको तेव्हा सुटले. कोरा सराव करायची सोय आहे, म्हणजे हवा न वापरता नुसता ट्रिगर दाबता येतो. आमच्यासाठी ही सोय फार मोलाची ठरली, कारण आमची घरची रेंज म्हणजे कापसाची खोली. दहा मीटर सलग जागा घरात दुसरीकडे नाही. वेचणी सुरू झाली की खोली छतापर्यंत भरते आणि कापूस विकेपर्यंत रेंज बंद. ते महिने ती ओसरीत उभी राहून भिंतीवरच्या ठिपक्यावर कोरा सराव करते. तंतू उडून साइटच्या छिद्रात बसतात, म्हणून त्या दिवसांत वापर झाला की दोन्ही साइटना टोपण हवंच.

आमच्याकडच्या काळ्या मातीचाही एक त्रास आहे. पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टार्गेटचा मधला बिंदू उभं राहायच्या जमिनीपासून १.४० मीटरवर हवा, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतो. आषाढात आमचा खांब एवढा उचलला गेला की तिची उभं राहण्याची ठेवणच बिघडली. रायफल डोळे मिटून उचलली की टार्गेटच्या खाली जाऊन थांबायची. आता खांबाला सरकती चौकट केली आहे आणि महिन्याला टेपनं मोजतो. छर्रे अडवायला वेल्डरकडून तिरप्या पत्र्याचा डबा करून घेतला, मागे जुनं रबर. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देत नाही.

हवेचं गणित. सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरतो आणि एका भरणीत भरपूर छर्रे निघतात, शंभर बारच्या आसपास आला की लेक पुन्हा भरते. हातपंप घेऊ नका. दमछाक होते ते सोडा, पण पावसाळ्याच्या दमट हवेतलं पाणी आत जातं. आम्ही पाणबुड्यांकडे असतो तसला मोठा सिलिंडर घेतला, तो अमरावतीला कॉम्प्रेसरवर भरून आणतो. मोठ्यातला दाब उतरला की छोटाही तेवढाच भरतो, त्याहून जास्त नाही. भरताना घाई केली की सिलिंडर गरम होतो, काटा दोनशे दाखवतो आणि थंड झाल्यावर पाहिलं तर खाली उतरलेला. आणि आमच्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचाच नाही. त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष कोरलेलं असतं, कंपनीची मुदत दहा वर्षांची. वापरलेली रायफल कोणी स्वस्तात देत असेल तर आधी तो आकडा वाचा.

उन्हाळ्यात रायफलीपेक्षा नेमबाजीच्या जॅकेटनं छळलं. जाड कॅनव्हास, आत घामाची धार. चैत्रापासून पहाटे, ऊन चढायच्या आत सराव.

कायद्याचं विचारणारे खूप भेटतात. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. आमच्या रायफलीवर पंचकोनात 'एफ' अक्षर कोरलंय. ही जर्मनीतली खूण, म्हणजे ताकद ७.५ जूलच्या आत. पोलीस पाटील बघायला आले तेव्हा मी बिल आणि ती खूण दोन्ही दाखवली. एसटीत पेटी बघून कंडक्टर विचारतात, म्हणून बिलाची झेरॉक्स आणि क्लबचं ओळखपत्र पेटीतच असतं. नळीत कायम सेफ्टीचा रंगीत दोरा, पेटीला कुलूप, सिलिंडर वेगळा.

गावकऱ्यांचा प्रश्न मात्र एकच : "डुक्कर मरते का हिनं?" आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर तुरीची काय दशा करतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे प्रश्नाचा राग येत नाही. नाही मरत. चपट्या तोंडाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा कागदाला गोल भोक पाडायला बनवलाय, डुकराला तो कळणारही नाही. आणि कळलाच तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याला कळेल. एकानं वानरं हाकलायला मागितली होती, त्यालाही नाही म्हटलं. वाईटपणा आला थोडा.

गुणांचं म्हणाल तर क्लबच्या रायफलीवर ती साठ छर्ऱ्यांत ५९० च्या आसपास घुटमळायची, आता चांगल्या दिवशी ६१० ओलांडते. यात रायफल किती आणि वाढलेलं वय-सराव किती, ते मला वेगळं काढता येत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलेला स्वप्निल कुसळे कोल्हापूरकडच्या खेड्यातला, ते बघून हिच्या वर्गातल्या आणखी दोघी रेंजवर यायला लागल्या आहेत. दोघी उजव्या, त्यांचं सोपं आहे.

एम मापाचा ग्रिप आता बसवलाय. सुतारभाऊंनी घासलेला तो डावा एस ग्रिप पेटीत पडून आहे. कोणाच्या लहान डावखुऱ्या पोराच्या हाताला बसत असेल तर दर्यापूरला येऊन धरून बघा आणि घेऊन जा. पैसे नकोत.