फिटनेस स्केट्स: पावसाळा आणि ऊस सीझन काढल्यानंतरचा अनुभव (सांगली)

डाव्या स्केटचं तिसरं चाक जाम झालं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "बेअरिंग वॉरंटीत येत नाही. अख्खा सेट बदला, ओरिजिनलच घ्या." भाव असा सांगितला की त्यात अजून थोडे घालून नवे स्केट्स यावेत. म्हणून हा रिव्ह्यू, आणि तो बराचसा बेअरिंगवरच जाणार.

बाकीचं आधी उरकतो. बूट, बकल, लायनर ठीक. ८० मिमीची, ८२ए कडकपणाची चाकं आपल्या खरबरीत डांबराला योग्य. ८५ए जास्त टिकतं, पण तळपायाला झिणझिण्या आणतं. टाचेच्या ब्रेकचं रबर अजून शाबूत, कारण सांगली सपाट. व्यायाम म्हणाल तर पळण्यासारखे गुडघ्याला दणके नाहीत, मांड्या आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू मात्र चांगलेच भरून येतात. अट एकच, गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं राहायचं. ताठ उभं राहून ढकललं तर नुसती कंबर धरते. रिस्ट गार्डमध्ये काटकसर नको, पडताना हातच आधी टेकतो.

आता मुद्दा. आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे सोळा बेअरिंग्ज. सगळ्यांचा नंबर ६०८: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हाच नंबर छोट्या मोटारीत आणि पॉवर टूल्समध्ये असतो. त्यामुळे कुपवाड एमआयडीसीकडच्या बेअरिंगवाल्याकडे '६०८ टू-आरएस' (टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील) म्हटलं की काम होतं. खोक्यावरच्या 'एबेक ९' ला भुलू नका. एबेक म्हणजे मापाची अचूकता. पोलाद कसलं, ग्रीस कुठलं, धूळ किती अडेल, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही.

कंपनीतून आलेली झेडझेड होती, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. पत्रा आणि आतली रिंग यांच्यात बारीक फट राहते. ओल्या रस्त्यावर तिथून पाणी शिरतं, आणि स्केट्स तसेच पिशवीत राहिले की गंज. सीझनमध्ये वेगळंच. ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट चाक आणि फ्रेमच्या मधे अ‍ॅक्सलला गुंडाळतं, माती धरून ठेवतं आणि ती माती थेट झाकणाच्या फटीवर घासत राहते. जाम झालेल्या चाकात बोटभर पाचट दोरीसारखं पिळून बसलं होतं. शंभर फुटी रस्त्यावरून आलात की चाकांच्या मधून बोट फिरवायचंच.

साफ करायचं तर ४ मिमी अ‍ॅलन कीनं बोल्ट काढा, बेअरिंग बाहेर ढकला. टू-आरएसचं रबर सील आतल्या कडेकडून टाचणीनं अलगद उचललं जातं. झेडझेडचा पत्रा दाबून बसवलेला असेल तर त्याच्या नादी लागू नका. उघडलेलं बेअरिंग बाटलीत रॉकेल घालून हलवा. रॉकेल हल्ली मिळत नाही, टर्पेंटाइन चालतं. रबर सील त्यात टाकू नका, कापडानं पुसा. थिनरनं तर ते फुगतं. पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनचं तेल दोन-तीन थेंब. पावसाचे दिवस असतील तर तेलाऐवजी थोडं ग्रीस. गंज सोडवायचा स्प्रे मारून तसंच चालवणारे पुष्कळ आहेत. त्यानं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं.

नंतरची भर: टू-आरएसचा पूर्ण सेट टाकला. हातानं फिरवलं तर चाक झेडझेडपेक्षा लवकर थांबतं, आणि पहिले काही दिवस 'पैसे गेले' असंच वाटलं. पण अंगाचं वजन पडलं की फरक कळत नाही, आणि आता खरखर अजिबात नाही. स्केट्सना तीनचे चार तारे करतोय. दुकानाचा एकच राहील.

बोल्ट पूर्ण आवळल्यावर चाक जड होत असेल तर दोष बहुतेक बेअरिंगचा नसतो. दोन बेअरिंग्जच्या मधे स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, नसतो किंवा आखूड असतो. मग आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात. बोल्ट ढिला ठेवणं हा उपाय नाही, तो रस्त्यात निघून पडतो. नवे घेताना एक चाक समोर उघडायला लावून स्पेसर बघा. उघडू देत नसतील तर पुढचं दुकान गाठा.