डोंबिवली की बदलापूर? मध्य रेल्वेवर भाड्याचं घर शोधणाऱ्यासाठी

नोकरी भायखळा, परळ, मस्जिद नाहीतर सीएसएमटीला, पगार बेताचा, आणि गावाकडून येऊन भाड्यानं राहायचंय. असं असलं की मुलुंड आणि ठाणे दलालाच्या पहिल्याच फोनमध्ये बाद होतात. दिवा स्वस्त आहे, पण तिथल्या फलाटावर एक सकाळ काढलेला माणूस पुन्हा त्याचं नाव काढत नाही. मग फिरून फिरून डोंबिवली आणि बदलापूर एवढंच उरतं. नोकरी अंधेरी-बोरिवलीकडे असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. तुमचं नालासोपारा-विरार हे वेगळंच प्रकरण आहे.

आधीच सांगून टाकतो, मी बदलापूरला राहतो. लातूरहून आलो तेव्हा मावशीकडे डोंबिवलीला उतरलो होतो. तिथूनच मस्जिदच्या ऑफिसला जात होतो आणि तिथंच घर बघत होतो. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलो आहे, पण काटा एका बाजूला झुकलेला आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

डोंबिवलीचं कौतुक करायला फार शोधावं लागत नाही. मराठी माणसाला परकं वाटू नये असं शहर मुंबईच्या इतक्या जवळ दुसरं सापडणं कठीण. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटून आलेली गर्दी, 1924 पासूनचं गणेश मंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिरातली नाटकं, वाचनालयं, आणि पोळीभाजीची केंद्रं तर हाकेच्या अंतरावर. एकटा माणूस असेल तर पोळीभाजी केंद्र हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, महिन्याच्या हिशेबात तो दिसतो. डॉक्टर, तपासण्या, क्लास, शाळा सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. मावशीच्या गुडघ्यांचं सगळं दुखणं तिनं स्टेशनपासून दोन गल्ल्यांत निभावलं.

भाड्याचं म्हणाल तर मला डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीतल्या वन बीएचकेचे 14 ते 15 हजार सांगत होते. लिफ्ट नाही, पाणी ठरल्या वेळीच. बदलापूरला कात्रपमध्ये तसंच घर, लिफ्टसकट, 8 हजारांत मिळालं. डिपॉझिटही जवळपास निम्मं. तुम्ही विचाराल तेव्हा आकडे वर गेलेले असतील, पण दोन्हींतलं अंतर फारसं हललेलं नसेल असा माझा अंदाज.

डोंबिवलीत याहून स्वस्त घरं मिळतात, नाही असं नाही. ती बहुतेक कडेच्या भागात, 27 गावांच्या पट्ट्यात. ही गावं महापालिकेत आली, बाहेर गेली, 2015 मध्ये पुन्हा आत आली. या ओढाताणीत पाण्याची बोंब कायम राहिली. त्यातच महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण निघालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. भाडेकरूला वाटतं, आपलं काय जातंय. जातं ते डिपॉझिट, आणि मुलाचं शाळेचं वर्ष. नवी कोरी इमारत आणि भाडं फारच कमी असं दिसलं, तर कागद मालकाकडे मागायला लाजू नका.

आता ज्या एका गोष्टीवर माझं ठरलं ती सांगतो. डोंबिवली सीएसएमटीपासून 48 किलोमीटरवर, बदलापूर 68. सकाळच्या जलद गाडीनं डोंबिवलीहून सव्वा तास धरा, बदलापूरहून पावणेदोन. कागदावर डोंबिवलीच बरी दिसते, आणि सगळे नातेवाईक हेच गणित ऐकवतात. पण हे गणित गाडीत शिरल्यानंतरचं आहे.

सकाळी आठ-सव्वाआठला डोंबिवलीच्या फलाटावर जलद गाडी येते ती कर्जत, कसारा, बदलापूर, टिटवाळा नाहीतर कल्याणहून. येतानाच ती भरलेली असते. दारात खांद्याला खांदा लावून माणसं उभी, पाठीवरच्या बॅगा पोटावर घेतलेल्या, वरच्या कड्यांना एकेका कडीत दोन हात. गाडी थांबते, दारातला एकही माणूस हलत नाही. कारण त्याला इथं उतरायचं नाही आणि आत सरकायला जागाही नाही. फलाटावरचे आपण एक पाय ठेवायला जागा शोधत या दारातून त्या दारापर्यंत पळतो. आणि आतून, अगदी शांतपणे, आवाज येतो: 'मागची रिकामी आहे.'

मागची रिकामी कधीच नसते. मागच्या गाडीच्या दारातला माणूसही हेच सांगतो. वीस-तीस सेकंदांत गाडी हलते आणि मग लटकायचं की सोडायची हे ठरवायचं. मी बहुतेक वेळा सोडत असे. शेवटी धीमी पकडून ऑफिसला पोचेपर्यंत बदलापूरवाल्याइतकाच वेळ झालेला असायचा, आणि तोही उभ्यानं, एका पायावर. बायकांच्या डब्यात दार याहून अवघड, असं मावशीची मुलगी सांगते. तिथं बोलाचाली जास्त होते एवढंच.

लटकणाऱ्यांनी मला भित्रा म्हणावं, हरकत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि काहींचे जीव गेले. डोंबिवलीकर रोज त्याच वळणावरून जातो.

यावर डोंबिवलीकरांनी शोधलेले उपाय आहेत. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण गर्दीच्या मानानं थोड्या आणि बऱ्याचशा धीम्या. दुसरा उपाय रिटर्नचा: कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसून जायचं आणि तीच गाडी परत निघाली की बसल्या जागी मुंबईकडे यायचं. यासाठी पास कल्याणपर्यंतचा हवा, नाहीतर टीसी बरोबर पकडतो. वेळ मोजला तर अर्धा तास त्यातच जातो. मी दोन्ही उपाय करून पाहिले, आणि एका सकाळी रिटर्नच्या गाडीत बसल्या बसल्या मनात आलं, बसायला मिळावं म्हणून उलटं जायचंच असेल, तर गाडी जिथून सुटते तिथंच का राहू नये?

बदलापूरला गाडी मोकळी फलाटाला लागते. म्हणजे अगदी मोकळी नव्हे. अंबरनाथ आणि उल्हासनगरची मंडळी इथंही रिटर्न येतात आणि त्यांनी खिडक्या आधीच धरलेल्या असतात. गाडी थांबायच्या आत तरुण पोरं उड्या मारतात, खिडकीतून रुमाल, छत्र्या, डबे आत पडतात. मी उड्या मारत नाही, तरी तिसरी नाहीतर चौथी सीट मिळतेच. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकाच्या टोकावर अर्धं अंग बाहेर ठेवून बसणं. पण बदलापूरहून निघालेल्या माणसाला चौथ्या सीटवर ठाण्यापर्यंत वाचता येतं, झोपता येतं, मोबाइलवर मुलाचा अभ्यास तपासता येतो. आमच्या डब्यात ठाण्यानंतर बसलेला उठून उभ्याला बसवतो. कायदा नाही, पण कोणी मोडलेला पाहिला नाही. निम्मी वाट बसून गेलेला माणूस ऑफिसात कामाचा असतो, हे माझ्या साहेबांनीही मान्य केलंय.

एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बदलापूरहून सुटणारी गाडी आणि कर्जत किंवा खोपोलीहून येणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्जतची गाडी नेरळ, वांगणीला भरत येते आणि बदलापूरकराला तीच 'मागची रिकामी आहे' ची गत. तेव्हा तुमच्या ऑफिसच्या वेळेला बसणारी, इथूनच सुटणारी गाडी आहे का, ते वेळापत्रकात आधी बघा. नसेल तर बदलापूरचा अर्धा फायदा गेला. आणि ऑफिस दादर-परळला असेल तर संध्याकाळी तुम्हालाही उभंच राहायचंय. मी मस्जिदचा, त्यामुळे एक स्टेशन उलटा सीएसएमटीला जाऊन बसून येतो.

बदलापूरची दुखणीही सांगायला हवीत, नाहीतर दलालाची जाहिरात व्हायची.

कल्याणच्या पुढे कर्जतपर्यंत दोनच रूळ. त्याच रुळांवरून पुणे-सोलापूरकडच्या एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमच्या लोकल. एक इंजिन बंद पडलं की सगळी रांग उभी. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, कामही निघालंय, मध्ये चिखलोली नावाचं नवं स्टेशन व्हायचंय. मेट्रोचीही चर्चा असते. दलाल तिचं चित्र भिंतीवर लावतो आणि भाड्यात 500 रुपये वाढवतो. जे आज धावतंय त्याचेच पैसे द्या. डोंबिवलीला कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब दाखवतात, त्यालाही हेच लागू.

रात्री उशिरा सुटणाऱ्यांनी मात्र डोंबिवलीच बघावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. दहानंतर कल्याणपर्यंत गाड्या मिळतात, बदलापूरच्या विरळ होतात. एक चुकली की कल्याणच्या फलाटावर डासांच्या संगतीत बसायचं, आणि बदलापूरला उतरल्यावर शेअर रिक्षा भरायची वाट बघायची. नाहीतर स्पेशल करायची, मग तो मागेल ते.

पावसाचं दुखणं मोठं. उल्हास नदी बदलापूर पश्चिमेच्या अंगाला आहे. 26 जुलै 2005 ला इथं काय झालं ते जुने लोक अजून सांगतात, आणि 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती, ती तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बाजूला तळमजला स्वस्त मिळत असेल तर का स्वस्त आहे ते शेजारच्या किराणावाल्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवेल. पूर्वेला हा त्रास कमी, म्हणून मी कात्रप घेतलं.

वीज जाते. पावसाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर जाते आणि कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. घरून काम करणारे असाल तर इन्व्हर्टरचा खर्च भाड्यात मिळवूनच तुलना करा. पाणी जीवन प्राधिकरणाचं. आमच्या इमारतीला पुरतं, पलीकडच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर दिसतो. उन्हाळा तापतो तोही मुंबईत कोणाला सांगून पटत नाही. उलट थंडीत इथं खरोखर स्वेटर लागतो, आणि सकाळी गच्चीवरून चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसतो. मोठ्या आजाराला कल्याण-डोंबिवली नाहीतर ठाणं गाठावं लागतं. आईवडील सोबत येणार असतील आणि त्यांना काही जुनं दुखणं असेल, तर या एका कारणावर डोंबिवली जिंकते. मी वाद घालणार नाही.

रासायनिक कारखान्यांवरून डोंबिवलीला नावं ठेवतात. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांतल्या स्फोटांनंतर ते स्वाभाविक आहे. एमआयडीसीला लागून घर घेऊ नये हे मावशीही सांगते. पण बदलापूरलाही एमआयडीसी आहे आणि जून 2021 मध्ये शिरगावच्या बाजूला वायुगळती होऊन लोक रात्री घराबाहेर आले होते. या मुद्द्यावर दोघांची बरोबरी समजा.

गाव म्हणून बदलापूर अजून घडतंय. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरचे टॉवर तर आमच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. रस्ते आणि गटारं मागं पडली. माणसं मात्र आवाज उठवणारी आहेत: ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी विरोधात उभे राहिले आणि रेल्वेला 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. नाटक बघायचं तर आम्ही डोंबिवली किंवा कल्याणलाच जातो. पुस्तकं मावशीच्या कार्डावर आणतो.

दोघं नोकरीला, त्यातला एक ठाण्याला, मूल लहान आणि भाड्याला पाच-सात हजार जास्त परवडत असतील, तर डोंबिवली घ्या आणि पूर्वेला स्टेशनपासून चालत येण्याच्या आत घ्या, कारण रिक्षाच्या रांगेत वाचवलेला वेळ संपतो. एकटे असाल किंवा घरातून एकालाच सीएसएमटीच्या बाजूला जायचं असेल, तर बदलापूर पूर्व बघा, असं मी सुचवेन.

मात्र टोकन देण्याआधी एक करा. घर बघायला सगळे रविवारी जातात. त्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, असतो आणि फलाट रिकामा. सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला दोन्ही स्टेशनांवर अर्धा-अर्धा तास नुसते उभे राहा. एका सोमवारी जमणार नाही, दोन लागतील. लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन जा.