वारासची पास्तोरुरी डे टूर: विकतात बर्फ, बघायचं असतं झाड

साडेतीन स्टार देतेय, त्यातले अडीच एका झाडाचे आणि एक ड्रायव्हरचा. टूरवाल्यांना काहीच नाही. नाव पण लिहीत नाही कारण पेरूतल्या या वारास गावात गल्लोगल्ली टूर ऑफिसं आहेत आणि सगळी हीच ट्रिप विकतात, पैसे कुठेही भरा, सकाळी सगळ्यांना गोळा करून एकाच मिनीबसमध्ये कोंबतात.

आम्ही नवऱ्याच्या कामामुळे लिमात होतो, तिथून रात्रीच्या बसने आठ तासांत वारास. गाव साधारण 3,050 मीटरवर, त्यामुळे दोन दिवस नुसतं भटकून, खाऊन-पिऊन काढले आणि तिसऱ्या दिवशी ही टूर घेतली. हे नक्की करा. आमच्या बसमधला एक मुलगा आदल्या रात्रीच समुद्रसपाटीवरून आला होता, तो दिवसभर प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरूनच बसला बिचारा.

ऑफिसच्या बोर्डवर पास्तोरुरी हिमनदीचा भलामोठा फोटो. इंग्लिश गाइड आहे म्हणाले, निघाला स्पॅनिशवाला, वर पार्कचं 30 सोल्सचं तिकीट वेगळं हे गेटवर गेल्यावर कळलं. नऊला निघायचं होतं, पण अजून दोन जणं यायची म्हणत म्हणत साडेनऊ वाजवले. वाटेत चहासाठी थांबवतात, तिथे कोकाच्या पानांचा चहा मिळतो, डोकं जड झालं असेल तर बरं वाटतं (पानं आठवण म्हणून बॅगेत टाकून भारतात आणू नका, आपल्याकडे गुन्हा आहे). मग वास्करान नॅशनल पार्कचं कार्पा गेट, आणि आत शिरून थोडं गेलं की ते झाड. खरं तर झाड म्हणायचं का हाच प्रश्न आहे, कारण हे अननसाच्या खानदानातलं!

नाव पुया रायमोंदी. स्थानिक लोक टिटांका म्हणतात. आपल्याकडे रेल्वे लाइनच्या कडेला घायपात असतं ना, आयुष्यभर नुसती काटेरी पानं आणि मग एक दिवस मधून खांब काढून मरतं, डिट्टो तसंच, फक्त साइज बघून येड लागतं. पानांचा गोळाच माणसापेक्षा उंच, त्यातून फुलांचा दांडा वर जातो तो सगळं मिळून दहा-बारा मीटर, म्हणजे आमच्या सोसायटीची तीन-चार मजली बिल्डिंग. त्यावर हजारो फुलं, पांढरट हिरवी. आणि हे सगळं कुठे, तर जवळजवळ 4,200 मीटरवर, जिथे आजूबाजूला गुडघ्याएवढ्या गवताशिवाय काही नाही आणि आपल्याला बुटाची लेस बांधताना धाप लागते.

फुलायला 80 ते 100 वर्षं लागतात म्हणे. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून आपण केवढं कौतुक करतो, कासच्या बाजूला गाड्यांच्या रांगा लागतात, इथे तर पणजोबांच्या काळात रुजलेलं आज फुलतंय. एकदाच फुलतं, लाखो बिया टाकतं आणि मरतं. आम्ही गेलो तेव्हा एकच फुलावर होतं, बाकी काही नुसते हिरवे गोळे आणि काही मेलेले काळे खांब, आणि खरं सांगू का, ते काळे खांबच डोक्यात राहिलेत. पानांच्या कडेला आकड्यासारखे काटे असतात, मेंढ्या त्यात अडकतात म्हणून मेंढपाळ कधीकधी ही झाडं जाळतात, हे गाइडने अडकलेल्या मेंढीचा अभिनय करून सांगितलं, तेवढं मात्र भाषा न येताही कळलं. नाव ज्याच्यावरून पडलं तो अंतोनिओ रायमोंदी मूळचा इटालियन, सगळा पेरू पालथा घातलेला निसर्गअभ्यासक.

आणि या सगळ्यासाठी वेळ किती? पंधरा मिनिटं! त्यात वीस जणांचे सेल्फी. मी फुलावर आलेल्या झाडापर्यंत पोचून मान वर करते तोवर हॉर्न. इतकी चिडले की नवरा म्हणाला, "अगं, श्वास घे आधी."

पास्तोरुरीबद्दल थोडक्यात. पार्किंगपासून चढ फार नाही, पण 5,000 मीटरवर तो पाऊण तास कळसूबाईचा दीड दिवस वाटतो, अर्ध्या वाटेपर्यंत घोडे मिळतात. हिमनदी आटत चाललीये, तिथे या वाटेला हवामान बदलाची वाट असंच नाव दिलंय. बोर्डवरच्या फोटोएवढा बर्फ आता नाही, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका.

जेवण परतताना चार वाजता, व्हेज म्हणजे भात, बटाटे आणि वर अंडं. अंडं खात नसाल तर आपली सोय आपण करा. मी राजगिऱ्याची चिक्की नेली होती, शेजारच्या पेरूवियन काकूंना दिली तर त्या "किविचा, किविचा" म्हणून हसायला लागल्या, राजगिरा मूळचा त्यांच्याच खंडातला की!

आता ड्रायव्हरचा स्टार. उतरताना मी त्याला मोबाइलवर ट्रान्सलेट करून विचारलं, पुन्हा पाच मिनिटं थांबाल का. गाइड घड्याळ दाखवत होता, ड्रायव्हरने काही न बोलता गाडी कडेला घेतली. बाकीचे सगळे झोपलेले. मी एकटीच उतरले, ऊन तिरपं झालेलं, आणि सकाळी गर्दीत दिसलाच नव्हता असा चिमणीपेक्षा मोठा एक हमिंगबर्ड त्या दांड्यावर बसून एकेका फुलात चोच घालत होता. पाच मिनिटांची वीस झाली, त्याने हॉर्न वाजवला नाही.

चौघं असाल तर सरळ टॅक्सी ठरवा.