टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या दिवाळीपासून सगळा कोड टाइपस्क्रिप्टच्या (जावास्क्रिप्टला टाइप, म्हणजे मूल्यांचे प्रकार, जोडणारी भाषा) स्ट्रिक्ट मोडवर आहे. म्हणजे कोड चालण्याआधीच त्याची कडक तपासणी होते. माझं मत आधीच सांगतो: हा मोड मुळातच चालू असावा. ज्याला नको, त्याने तो कारण देऊन बंद करावा.

स्ट्रिक्ट हा पर्याय २०१७ साली २.३ आवृत्तीत आला. एका बटणामागे बऱ्याच तपासण्या आहेत, पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची म्हणजे स्ट्रिक्ट नल चेक्स: एखादं मूल्य नसूही शकतं, हे ध्यानात घ्यायला लावणारी तपासणी. टॉवेल काही पार्ट्या डझनावर घेतात, काही किलोवर. त्यामुळे मालाच्या नोंदीत वजन कधी असतं, कधी नसतं. आधी वजन गुणिले दर ही ओळ बिनबोभाट कंपाइल व्हायची. मग डझनाच्या मालाला किलोचा दर लागला, की बिलावर रकमेच्या जागी 'नॅन' ('हा आकडा नाही') छापलेलं. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर घाई करतोय आणि बिल निघत नाही! आता ती ओळ लिहितानाच तिच्याखाली लाल रेघ येते, वजन नसेल तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय सुटका नाही. कोडवरून पार्टी शोधतानाही तेच: फाइंडला (यादीत शोधणाऱ्या फंक्शनला) पार्टी सापडली नाही तर पुढे काय, हे आधीच ठरवावं लागतं.

जुन्या कोडवर स्ट्रिक्ट लावला तेव्हा शेकडो एरर आल्या. सगळं एकदम चालू करू नका. आधी नो इम्प्लिसिट एनी (न सांगता 'एनी' धरू न देणारी तपासणी) घ्या, कारण जिथे टाइप 'एनी', म्हणजे 'काहीही चालेल', असा आहे तिथे नलची तपासणी काहीच पकडत नाही. या कामात मोठा मोह असतो तो उद्गारचिन्हाचा. नावाच्या शेवटी ते टाकलं, म्हणजे 'इथे मूल्य आहेच' असं सांगितलं, की एरर गायब होते, पण प्रोग्रॅम चालताना त्याची काहीच मदत नसते. आम्ही ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा नियम लावून ते बंदच केलं. नव्या मुलांना सुरुवातीला जाच वाटला. आता तीच मुलं दुसऱ्याच्या कोडमधला 'एनी' शोधून दाखवतात, याचं मला फार समाधान आहे.

आवृत्ती वाढवताना मात्र वेळ राखून ठेवा. स्ट्रिक्टमध्ये नव्या तपासण्या येत राहतात. ४.४ मध्ये कॅचमधली (चालताना आलेली एरर जिथे पकडतात तिथली) एरर 'अननोन', म्हणजे टाइप माहीत नसलेली, झाली, तेव्हापासून तिचा मेसेज वाचण्याआधी ती खरंच एरर आहे का हे तपासावं लागतं.

बाहेरून येणाऱ्या डेटाला स्ट्रिक्टचा उपयोग नाही. जेसन पार्स (मजकूर रूपात आलेला डेटा वाचणारं फंक्शन) 'एनी'च देतं, म्हणून पार्ट्यांच्या याद्या आम्ही झॉड या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीतून तपासूनच आत घेतो. आणि एक तक्रार आहेच. रिकाम्या यादीतला पहिला नग मागितला तरी स्ट्रिक्ट गप्प बसतो. त्यासाठी ४.१ पासून नो अनचेक्ड इंडेक्स्ड ॲक्सेस हा पर्याय आहे, पण तो वेगळा चालू करावा लागतो. तोही स्ट्रिक्टमध्येच घ्यायला हवा होता.