'रायटर बिवेअर' : सही करायच्या आधी

"तुमच्या कादंबरीतली आजी मनातून जात नाही," असं एका प्रकाशन संस्थेकडून आलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं. सहा वर्षं मी त्या कादंबरीवर काढली होती, आणि घराबाहेरच्या कोणी तिच्याबद्दल लिहिलेलं हे पहिलंच चांगलं वाक्य. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी मी नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. सोबत करार होता. त्याच्या शेवटून दुसऱ्या पानावर संपादन आणि प्रसिद्धीसाठी लेखिकेने भरायची रक्कम होती, तीन हप्त्यांत.

मी भरणार होते. कुठली ठेव मोडायची तेही मनात ठरलं होतं. नवरा एवढंच म्हणाला, "अगं, एकदा कुणाला तरी विचार." विचारण्यासारखं कुणी ओळखीचं नव्हतं. त्या रात्री शोधता शोधता 'रायटर बिवेअर' ही लेखकांना फसवणुकीपासून सावध करणारी सेवा सापडली. मला करार पाठवणाऱ्या संस्थेचं नाव मी इथे घेत नाही. मला लिहायचंय ते या सेवेबद्दल, कारण माझ्यासारखं पहिलं पुस्तक घेऊन बसलेल्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

ही सेवा १९९८ मध्ये ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या दोन कादंबरीकार बायकांनी सुरू केली. क्रिस्पिन २०१३ मध्ये गेल्या. 'सायन्स फिक्शन अँड फँटसी रायटर्स असोसिएशन' ही अमेरिकेतली लेखकांची संघटना तिच्या पाठीशी आहे, पण मदत मागायला तुम्ही विज्ञानकथाच लिहायला हवी असं नाही आणि सभासद असण्याचीही अट नाही. काम स्वयंसेवेवर चालतं, लेखकाकडून एक पैसा घेत नाहीत. फसव्या एजंटांच्या (म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणाऱ्यांच्या), प्रकाशकांच्या आणि स्पर्धांच्या तक्रारी तिथे गोळा होतात, कागदपत्रं तपासली जातात आणि इशारे दिले जातात.

मी कराराची कलमं जोडून प्रश्न पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं. आपण वकील नाही आणि हा कायदेशीर सल्ला नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. पुढे मला एकच गोष्ट तपासायला सांगितली: या प्रकाशकाचं उत्पन्न वाचकांकडून येतं की लेखकांकडून? मी त्यावर बराच वेळ बसून राहिले. लेखकाने रक्कम भरली की प्रकाशकाचा नफा पहिल्याच दिवशी पदरात पडतो. मग पुस्तक दुकानात गेलं काय, गोदामात राहिलं काय, त्याचं काही अडत नाही. जेम्स डी. मॅकडोनल्ड या लेखकाने हीच गोष्ट 'योगचा नियम' म्हणून सांगितली आहे ('योग' हे त्याचं इंटरनेटवरचं टोपणनाव): पैसा लेखकाच्या दिशेने वाहायला हवा.

याचा अर्थ स्वतः पुस्तक काढणं वाईट असा नाही, आणि ही सेवाही तसं म्हणत नाही. तुम्ही संपादक नेमला, मुखपृष्ठ करून घेतलं, छपाईचे पैसे दिले, तर हक्क तुमच्याकडेच राहतात आणि विक्रीचं उत्पन्नही. माझ्या हातातल्या करारात खर्च माझा होता, हक्क त्यांचे होते आणि विक्रीतला मोठा वाटाही त्यांचाच.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तिथलं करारांवरचं लेखन. मी ते दोनदा वाचलं, वही घेऊन. हक्क परत मिळण्याचं कलमच घ्या. जुन्या करारांत लिहिलेलं असतं की पुस्तक 'छपाईबाहेर' गेलं की हक्क लेखकाकडे येतील. पण ई-पुस्तक कधीच संपत नाही, आणि मागणी आली की एकेक प्रत छापून देणारी यंत्रणा असेल तर छापील पुस्तकही संपत नाही. म्हणजे वर्षात दोन प्रती खपल्या तरी पुस्तक 'उपलब्ध'च, आणि लेखिका आयुष्यभर अडकलेली. म्हणून कलमात आकडा हवा: अमुक महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली, तर लेखिकेने पत्र पाठवताच हक्क परत. प्रताधिकार असेपर्यंत हक्क मागणारे प्रकाशक नामांकितही असतात. मग तर हा आकडा असायलाच हवा.

रॉयल्टीचंही तसंच. छापील किमतीवरचे दहा टक्के आणि 'निव्वळ उत्पन्ना'वरचे दहा टक्के यांत फार अंतर आहे. 'निव्वळ' म्हणजे काय काय वजा करून, हे करारात लिहिलेलं नसेल तर प्रकाशक त्यातून काहीही वजा करू शकतो. माझ्या करारात व्याख्याच नव्हती. पुढच्या पुस्तकावरच्या हक्काचं कलमही होतं, त्याला ना मुदत ना मर्यादा. ते मी पहिल्या रात्री वाचलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. वाटलं, यांना माझं पुढचंही हवंय.

तोतयांबद्दलचे इशारेही जरूर वाचा. नावाजलेल्या एजंटाच्या किंवा प्रकाशनाच्या नावाने ईमेल येतात आणि पत्त्यात एखादंच अक्षर बदललेलं असतं. रोमन लिपीतला छोटा 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की 'एम'सारखे दिसतात. एका मोठ्या प्रकाशनाच्या लंडन कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने नेमक्या अशाच पत्त्यांवरून संपादक-एजंट असल्याचं भासवून हजाराहून जास्त अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये त्याला न्यूयॉर्कला अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. फसलेल्यांत अनुभवी, गाजलेले लेखकही होते. आता मी कुठल्याही कौतुकाच्या ईमेलला थेट उत्तर देत नाही. ज्या संस्थेच्या नावाने ईमेल आली, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता शोधून तिथे विचारते.

एजंटांबाबत सांगायचं तर साधं आहे. चांगला एजंट वाचनासाठी शुल्क घेत नाही. पुस्तक प्रकाशकाला विकलं गेलं की लेखकाच्या मिळकतीतून साधारण पंधरा टक्के घेतो.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीतून प्रकाशित होऊ पाहणाऱ्यांसाठीच प्रामुख्याने लिहिलेलं आहे. दाखले बरेचसे अमेरिकेतले, त्यामुळे तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो यासाठी स्थानिक वकील गाठावाच लागेल. चांगले प्रकाशक कोणते हे ते सांगत नाहीत. एखाद्याविरुद्ध तिथे इशारा सापडला नाही म्हणून तो निर्धोक ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. कदाचित तक्रार अजून कुणी केलीच नसेल. लिहावं कसं, याची शिकवणी इथे मिळणार नाही. आणि एक गोष्ट मला जड गेली: आठवडाभर हेच वाचत राहिल्यावर कुणावरच विश्वास बसेना, हस्तलिखित पुढे तीन महिने मी कुठेच पाठवलं नाही. नव्याने लिहिणाऱ्यांनी हे थोडं थोडं वाचावं, आणि लेखन चालू ठेवून वाचावं.

पैसे मागणाऱ्या त्या प्रकाशन संस्थेला मी दोन ओळींत नकार कळवला. उत्तरात आजीचा उल्लेख नव्हता, फक्त सवलतीचा नवा आकडा होता.

पुढे दीड वर्षाने एका लहान प्रकाशनाने कादंबरी स्वीकारली, माझ्याकडून काहीही न घेता. करार आला तेव्हा वही काढून बसले. हक्क परत मिळण्याच्या कलमात आकडा नव्हता. विचारताना घसा कोरडा पडला होता, कारण हातचं जाईल ही भीती होतीच. संपादकबाई म्हणाल्या, "तुम्ही सुचवा ना." मी बारा महिने आणि शंभर प्रती असं सुचवलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं पान आलं आणि मग मी सही केली.